गाडीची बॅटरी : घरच्या घरी तपासणी व निगा
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणेबदल, खोडव्याची निगा, हुमणी, पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या अंकात विषय जरा वेगळा आहे. पूर्वी गावात एखादी जीप असायची. आता वस्त्या-वाड्यांवरही चारचाकी आली, ट्रॅक्टर तर होताच. हंगामात पहाटे आम्हांला जे फोन येतात, त्यांत "साहेब, टोळी आली नाही" याच्या खालोखाल "साहेब, ट्रॅक्टर सेल्फ घेईना" हाच असतो. ऊस तुटलेला, ट्रॉली भरलेली, आणि बॅटरी बसलेली. तोडलेला ऊस उन्हात राहिला की वजन घटते, उतारा पडतो. ते आम्ही नव्याने सांगायला नको. पण ते नुकसान बॅटरीच्या खर्चात कोणी धरत नाही. आणि रात्री-अपरात्री घरात कोणाच्या छातीत दुखू लागले, आणि अंगणातली गाडी नुसती 'टक्‌ टक्‌' करून गप्प झाली, तर ती वेळ कशी असते ते ज्याच्यावर आली त्यालाच ठाऊक.

यातल्या बऱ्याच बॅटऱ्या एकाएकी मरत नाहीत. महिना-दोन महिने आधी खुणा दाखवतात. त्या खुणा ओळखायला मेस्त्री लागत नाही. म्हणून हा पाठ.

आधी आत काय आहे ते समजून घेऊ. बॅटरी म्हणजे विजेची टाकी, असे पुष्कळांना वाटते. तसे ते नाही. आत शिशाच्या जाळ्यांवर लेप दिलेल्या प्लेटा असतात आणि त्या पातळ केलेल्या गंधकाम्लात, म्हणजे आपण ज्याला नुसते 'अॅसिड' म्हणतो त्यात, बुडालेल्या असतात. १८५९ साली प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही रचना शोधली आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. मोटारीच्या बॅटरीत अशी सहा घरे असतात. एका घरातून साधारण २.१ व्होल्ट मिळतो, सहा मिळून साडेबाराच्या वर. आपण 'बारा व्होल्ट' म्हणतो ते बोलण्यापुरते.

वीज खर्च होते तेव्हा अॅसिडातला गंधकाचा अंश दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे पाणी उरत जाते. चार्जिंग केले की तो अंश परत अॅसिडात येतो. म्हणजे बॅटरी भरलेली असेल तर अॅसिड जड, आणि उतरलेली असेल तर अॅसिड हलके. सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे.

आपल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ज्यांनी रस तपासताना पाहिला आहे त्यांना हे पटकन कळेल. शेतात आम्ही जे हातातले रिफ्रॅक्टोमीटर आणतो ते उजेडावर चालते, ते सोडा. पण प्रयोगशाळेत काचेची ब्रिक्स स्पिंडल रसात सोडतात. रस जड असेल तर ती वर तरंगते, पातळ असेल तर खाली जाते. वीस ब्रिक्सच्या रसाची घनता साधारण १.०८३ असते. बॅटरीचा हायड्रोमीटर हा त्याच स्पिंडलचा धाकटा भाऊ. रबरी फुगा दाबून सोडला की अॅसिड काचेच्या नळीत चढते आणि आतली छोटी स्पिंडल तरंगते. फरक एवढाच की इथे आकडा १.२५० च्या आसपास असतो. मेस्त्री लोक दशांश चिन्ह सोडून देतात आणि "साडेबाराशे ग्रॅव्हिटी" म्हणतात.

आता दुसरी गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची. बॅटरी उतरलेल्या स्थितीत तशीच पडून राहिली, तर प्लेटांवर बसलेला तो पांढरट थर हळूहळू टणक होतो. मग कितीही चार्जिंग करा, तो पूर्ण सुटत नाही. आपल्याकडे पाण्याचा निचरा न झालेल्या जमिनीत खाली असलेले क्षार वर येऊन कसे पांढरे फुटतात ते आपण पाहतोच. पहिल्या वर्षी लक्ष दिले तर जमीन सुधारते, पाच वर्षे गेली तर चर खणूनही घाम निघतो. बॅटरीचे तसेच आहे, फक्त इथे वर्षांऐवजी आठवडे मोजायचे. पावसाळ्यात चार महिने शेडमध्ये उभा राहिलेला ट्रॅक्टर हंगामाच्या तोंडावर सेल्फ घेत नाही, तो यामुळेच.

बॅटरी आणि मुंबईचे कांजूरमार्ग यांचे एक नाते आहे. आपल्या भागातली पुष्कळ माणसे नोकरीला मुंबईत गेली. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या आणि रेल्वेच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांची रांग होती. कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्हज होते, तसाच स्टँडर्ड बॅटरीज कंपनीचा बॅटऱ्यांचा कारखाना होता. 'स्टँडर्ड' हे नाव जुन्या जीपवाल्यांना आठवत असेल. १९९८ साली या कंपनीचे कांजूरमार्ग, तळोजा आणि मद्रासजवळच्या गिंडी येथील कारखाने एक्साइड इंडस्ट्रीजने घेतले. एक्साइडचा चिंचवडचा कारखाना त्याच्याही आधीपासूनचा, १९६९ चा.

आज त्याच कांजूरमार्ग-भांडुप-विक्रोळी भागात आपल्या सभासदांची मुले-मुली फ्लॅट घेऊन राहतात. कामाला लोकलने जातात आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. गणपतीला, दिवाळीला गावी यायचे ठरते, सामान भरले जाते, आणि चावी फिरवली की काही नाही. मग गावाकडे फोन येतो, "आप्पा, आम्ही उद्या निघतो." असे का होते, याचा हिशेब सोपा आहे. आजच्या गाडीत घड्याळ, कुलपाची यंत्रणा, कॉम्प्युटर ही सगळी गाडी बंद असतानाही थोडी थोडी वीज खातात. ती ३० मिलिअँपिअर धरा. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, तीस दिवसांत साधारण २१.६. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे महिन्यात निम्म्याहून अधिक बॅटरी नुसत्या उभ्या गाडीने खाल्ली. वर उष्णतेने आपोआप उतरते ती वेगळी. शिवाय कांजूरच्या पूर्वेला मिठागरांच्या जमिनी आणि ठाण्याची खाडी. हवा खारट आणि दमट, तेव्हा टर्मिनलला बुरा लवकर धरतो.

यावर कोणी सांगतो, "आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन चालू ठेवा." हिशेब करून पाहा. आठवड्यात साधारण ५ अँपिअर-तास गेले. जागेवर पाच मिनिटांच्या मंद इंजिनाने त्यातला एक अँपिअर-तास भरला तरी पुष्कळ. ते औषध तुटपुंजे आहे. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर फिरवावी. ते जमत नसेल आणि महिनाभर गाडी हलणार नसेल, तर काळ्या वायरचे, म्हणजे निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवावे. त्याआधी गाडीच्या पुस्तकात पाहावे, कारण काही गाड्यांचा रेडिओ नंतर सांकेतिक आकडा मागतो. रिमोटनेच दार उघडणाऱ्यांनी साधी चावी खिशात ठेवावी, नाहीतर बाहेरच उभे राहाल.

आता तपासणी. बॅटरीजवळ जाण्याआधी बिडी-सिगारेट विझवा, हातातले कडे-अंगठी काढा, इंजिन बंद करा. यात थट्टा नाही. कारण पुढे येईल.

पहिल्यांदा नुसते पाहा. बॅटरीची पेटी फुगली आहे का, कुठे तडा आहे का, खाली ओल आहे का, पट्टी घट्ट आहे का. ट्रॅक्टरमध्ये ही पट्टी फार महत्त्वाची. शेताच्या वाटेने बॅटरी आदळत राहिली की प्लेटांवरचा लेप झडतो आणि तळाशी गाळ साचतो. गाळ प्लेटांना टेकला की ते घर गेले. आमच्या पाहण्यात पट्टीऐवजी सुतळीने बांधलेल्या बॅटऱ्या पुष्कळ आहेत. नवी पट्टी फार महाग नसते, बॅटरी असते.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा दिसला तर तो काढायचा. "सेल्फ घेत नाही" या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात. वायर सोडताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह; जोडताना उलट, आधी पॉझिटिव्ह. हा क्रम का? गाडीचा सगळा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पान्हा पत्र्याला टेकला, तर पूर्ण बॅटरीची वीज त्या पान्ह्यातून जाते. पान्हा लाल होतो आणि ठिणगी उडते. निगेटिव्ह आधी सुटली असेल तर पान्हा कुठेही टेकू दे. ग्लासभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशने टर्मिनल घासा, फसफसणे थांबले की साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसा. सोड्याचे पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका. आतले अॅसिड मारले जाईल. घट्ट बसवल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या.

मग पाणी. ज्या बॅटरीला सहा झाकणे आहेत तिचीच ही गोष्ट. प्लेटा पाण्याखाली, साधारण एक ते दीड सेंटिमीटर बुडालेल्या हव्यात. पेटीवर वरची-खालची रेघ असेल तर त्या दोहोंच्या मध्ये. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचे, बोअरचे, नळाचे नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात लोह असते, क्लोराइड असते. ते प्लेटा खाते. बाटली काही महाग नाही. आणि अॅसिड तर कधीच ओतू नका. बॅटरीतून उडून जाते ते पाणी, अॅसिड नाही. "जरा अॅसिड मारा, ताकद येईल" म्हणणारे भेटतात. त्याने ताकद येत नाही, आयुष्य कमी होते. काठोकाठही भरू नका. चार्ज होताना पाणी वर येते आणि सांडते. मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने पाहिले तरी पुरते. पाणी फारच लवकर कमी होत असेल तर बॅटरीला नव्हे, चार्जिंगला दोष आहे. तो कसा पाहायचा ते पुढे सांगतो.

ग्रॅव्हिटी सहाही घरांची वेगवेगळी घ्या आणि कागदावर लिहा. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा कंपनीप्रमाणे १.२४० ते १.२८० च्या दरम्यान असतो, १.२०० च्या खाली आली तर चार्जिंगला द्या, १.१२० च्या जवळ म्हणजे पार उतरली. अॅसिड गरम असेल तर आकडा थोडा कमी दिसतो, दहा अंशांना साधारण ०.००७ इतका. नुकतेच पाणी टाकले असेल तर त्या दिवशी मोजू नका, पाणी वरच राहते. पण आकड्यापेक्षा सहा घरांतला फरक बघा. पाच घरे १.२४० आणि एक घर १.१८० असेल, तर ते घर जात चालले आहे. पन्नास पॉइंटच्या वर फरक पडला की नव्या बॅटरीची तजवीज करा. एका घरासाठी पाच चांगली घरेही तुम्हाला वाटेत सोडतील.

झाकण नसलेल्या, 'मेंटेनन्स फ्री' म्हणतात त्या बॅटरीला हायड्रोमीटर चालत नाही. तिच्यावर कधी एक छोटा डोळा असतो: बहुधा हिरवा म्हणजे ठीक, काळा म्हणजे चार्जिंग हवे, पांढरा म्हणजे पाणी आटले. हा डोळाही स्पिंडलच, पण एकाच घरातला. उरलेल्या पाच घरांचे तो काही सांगत नाही. तेव्हा हिरव्या डोळ्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये.

अशा बॅटरीसाठी, आणि खरे तर सगळ्यांसाठी, साधे मल्टिमीटर घरात असावे. वायरमन वापरतो तेच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चावी फिरवण्याआधी टर्मिनलवर धरा. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे पाव. आकडे जवळजवळ दिसतात म्हणून लोक फसतात. "बारा व्होल्ट दाखवतोय, मग बरोबर आहे" असे म्हणणाऱ्याची बॅटरी उद्या बसणार असते. मग एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने मीटर बघावे. त्या दोन-तीन सेकंदांत आकडा ९.६ च्या खाली गेला आणि बॅटरी आधी भरलेली होती, तर ती थकली समजा. मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे जरा मंद होणे ठीक, पार विझत असतील तर नाही.

इंजिन चालू झाल्यावर पुन्हा मीटर धरा. १३.८ ते १४.४ यायला हवे. तेरापर्यंतच अडकले तर चार्जिंग होत नाही; आधी पट्टा ढिला आहे का बघा, मग अल्टरनेटर. १४.८ च्या वर जात असेल तर बॅटरी उकळते आहे, आणि पाणी का आटते याचे उत्तर मिळाले. काही नव्या गाड्या कॉम्प्युटरने हा आकडा मुद्दाम खालीवर करतात, त्यांच्या बाबतीत पुस्तक प्रमाण. चालू इंजिनावर टर्मिनल काढून "चार्जिंग करते का" बघायची जुनी पद्धत मात्र आता सोडा. डायनामोच्या काळात ती खपली. आज त्या एका झटक्यात अल्टरनेटरचे डायोड आणि गाडीचा कॉम्प्युटर दोन्ही जाऊ शकतात.

इथे ऊस वाहतूकदारांना एक शब्द. ट्रॅक्टरवर डेक, अॅम्प्लिफायर, आणि लग्नाच्या मांडवासारखी दिव्यांची माळ. आमची गाण्याला हरकत नाही, रात्रीच्या खेपेला ड्रायव्हर जागा राहतो हे खरे. पण यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन बंद आणि डेक चालू. दहा अँपिअर खाणारा डेक आठ तास वाजला की ऐंशी अँपिअर-तास गेले, म्हणजे ट्रॅक्टरची जवळजवळ सगळी बॅटरी. मग गव्हाणीपाशी नंबर आला की चार जण धक्का मारतात, मागची रांग शिव्या देते. यार्डात आवाज तरी बारीक ठेवा, बॅटरी अर्धीच जाईल.

आता धोक्याचे. बॅटरी चार्ज होताना पाण्यातून हायड्रोजन वायू निघतो. वास नाही, रंग नाही. हवेत शंभरात चार भाग झाला तरी ठिणगीने भडकतो. रात्री पाणी बघायला काडी ओढणे म्हणजे सरळ त्या वायूला आग देणे आहे. आमच्या पाहण्यातल्या एका तरुणाने असेच केले. बॅटरीचे वरचे झाकण फुटून अॅसिड तोंडावर आले. शेजारी पाण्याची टाकी होती, बापाने तिथल्या तिथे डोके धरून डोळ्यांवर पाणी मारत ठेवले, म्हणून एका डोळ्याची नजर वाचली. दुसऱ्याची अधू झाली. टॉर्च खिशातच होता. अॅसिड डोळ्यांत गेले तर डॉक्टरकडे धावण्याआधी निदान पंधरा मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा उघडा धरून धुवा, मग जा. चोळू नका, दूध-तूप घालू नका. अंगावर पडले तर कपडा काढून तसेच पाणी.

चार्जर लावतानाही हेच. हवेशीर जागा, पोरे लांब. वेग बॅटरीच्या दहाव्या भागाचा: ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास. "दोन तासांत करून देतो" म्हणणाऱ्याकडे घाईची चार्जिंग होते आणि प्लेटा वाकतात. चिमटे काढण्याआधी चार्जरचे बटण बंद करा, ठिणगी तिथेच पडते.

दुसऱ्या गाडीवरून केबल लावायची वेळ आली तर लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्याच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्याच्या निगेटिव्हला, आणि तिचे शेवटचे टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटची ठिणगी वायूपाशी पडू नये म्हणून. ट्रॅक्टर बारा व्होल्टचा असेल तर कारला चालतो. मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. त्यावरून कार चालू करायला जाल तर कारच्या यंत्रणा जळतील.

एवढी निगा राखली तरी आपल्या उन्हात तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलावी लागतेच. नवी घेताना तयार झाल्याचा महिना बघा, दुकानात सहा महिने पडलेली नको, आणि वॉरंटी कार्डावर शिक्का व तारीख घालून घ्या. जुनी मात्र गोठ्यात ठेवू नका, आणि अॅसिड गटारीत ओतून शिसे भंगारवाल्याला देऊ नका. उघड्या चुलीवर शिसे वितळवणे हा प्रकार काही ठिकाणी चालतो. त्याची धूळ-धूर लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतो आणि माती वर्षानुवर्षे बिघडवतो. २००१ च्या नियमांपासून विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यायची आहे, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी ती नीट गोळा करून शिसे परत वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. ती कचऱ्यात न टाकता परत देणे हे वापरणाऱ्याचे काम. दुकानदार जुनीचे पैसे नव्या किमतीतून वजा करतो; ते बिलावर लिहून घ्या.

गट ऑफिसात एक हायड्रोमीटर आणि एक मल्टिमीटर ठेवले आहे. हंगाम सुरू होण्याआधी ज्यांना आपल्या ट्रॅक्टरची किंवा गाडीची सहा घरे मोजून बघायची आहेत त्यांनी सकाळी दहाच्या आत यावे. इंजिन रात्रभर बंद असलेले बरे, म्हणून शक्य तर बॅटरी काढून हातगाड्यावर आणावी, आडवी करू नये. पाणी टाकायचे असेल तर आदल्या दिवशी टाकू नये.